‘पेटी छोटी ठेवा, साप छोटाच राहील’ म्हणे!

‘पहिल्यांदाच साप पाळताय? या आठ गोष्टी तुम्हाला कुणी सांगणार नाही!’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’ आहेच, आणि लोक इमानेइतबारे पोचवताहेत. मी आधी सोडून दिला होता. प्रत्येक थापेमागे धावत बसले तर माझ्या सापांकडे कोण बघणार? पण परवा तोच मेसेज ताईकडून आला. भाच्याला साप हवाय हे मला ठाऊक होतं, कुठला ते ठरलं नव्हतं. आता ठरलंय. ताईने खाली लिहिलंय, “अगं, हे तर सोपं दिसतंय. अजगराचं पिल्लू घ्यायचं म्हणतोय. छोट्या पेटीत ठेवलं की छोटंच राहतं म्हणे.”

नाही राहत, ताई.

मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं देते: ‘साप आपल्या पेटीच्या मापानेच वाढतो. त्यामुळे जातीची चिंता नको. आवडेल ते पिल्लू घ्या, फक्त पेटी लहान ठेवा.’ आठ मुद्द्यांमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, चुकीच्या जातीचा साप घरात आल्यावर निस्तरणं फार अवघड. साप किती वाढणार हे ठरतं त्याच्या जातीवरून, तो नर आहे की मादी यावरून आणि त्याला खायला किती मिळतं यावरून. पेटीच्या काचेला यात काही विचारत नाहीत. मुलाच्या पायात लहान मापाचे बूट कोंबले म्हणून पाऊल वाढायचं थांबतं का? बोटं तेवढी वाकडी होतात. साप लहान पेटीतही वाढतोच. फक्त त्याला अंग सरळ करता येत नाही, हालचाल नसल्याने चरबी चढते, आणि एक टोक उबदार व दुसरं थंड अशी व्यवस्था तेवढ्याशा जागेत होतच नाही. त्याला लहान ठेवायचा खात्रीचा उपाय एकच, उपाशी मारणं. ज्याला तो चालतो त्याने साप घेऊच नये.

या थापेत एक अर्धं सत्य आहे, तेही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी येऊन मलाच सुनावेल. अंड्यातून नुकतंच आलेलं पिल्लू मोठ्या, उघड्याबोडक्या पेटीत बिचकतं आणि कधीकधी खाणं सोडतं. म्हणून बरेच जण सुरुवातीला लहान पेटी वापरतात. मान्य. पण ती पेटी पिल्लाच्या आजच्या अंगाची असते, साप वाढला की बदलायची असते. शिवाय लपायला भरपूर जागा दिली तर मोठी पेटीही चालते.

आता ‘अजगराचं पिल्लू’. मेसेजसोबत बर्मीज अजगराच्या पिल्लाचा फोटो आहे, तळहातावर वेटोळं घालून बसलेलं. गोड दिसतं, वादच नाही. अंड्यातून येतं तेव्हा ते साधारण अर्धा मीटर लांब असतं. नीट खायला मिळालं तर वर्षभरात दीड-दोन मीटरचं होतं. पूर्ण वाढलेली मादी चार-पाच मीटरची असू शकते, तिला उंदीर पुरत नाहीत, ससे लागतात, आणि तिची पेटी साफ करायला एकट्या माणसाने हात घालायचा नसतो. जाळीदार अजगर, म्हणजे रेटिक्युलेटेड पायथन, तर जगातला सगळ्यात लांब साप. तो सहा मीटरच्या पुढेही जातो.

अशा पिल्लांचं पुढे काय होतं, याचा पुरावा अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सरपटतोय. तिथल्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात बर्मीज अजगर मूळचा नाहीच, तो आशियातला. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून तो तिथे पोचला. काही मालकांनी सोडले, काही निसटले. सगळा दोष हौशी मालकांचा नाही हेही खरं. पण आज ते तिथे हजारोंनी आहेत. २०१२ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी रात्रीच्या वेळी रस्त्यांवर दिसणाऱ्या प्राण्यांच्या जुन्या आणि नव्या नोंदी ताडून पाहिल्या. १९९०च्या दशकाच्या तुलनेत २००३ ते २०११ या काळात रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९.३ टक्क्यांनी घटलं होतं, ओपॉसमचं ९८.९ टक्क्यांनी, बॉबकॅट या रानमांजराचं ८७.५ टक्क्यांनी. ससे तर दिसलेच नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेने बर्मीज अजगराच्या आयातीवर बंदी घातली. २०२३ मध्ये त्याच राज्यात पकडलेली एक मादी १९ फूट भरली. ताई, १९ फूट. भाच्याची खोली किती आहे?

मेसेज लिहिणाऱ्याला हे सगळं ‘जातीची चिंता नको’ या तीन शब्दांत गुंडाळायचंय.

पुढचा मुद्दा: ‘सापाला जिवंत उंदीरच द्या, तो रात्रभर पेटीत सोडा, म्हणजे सापाची शिकारीची वृत्ती टिकते.’ उंदरालाही दात असतात, हे लिहिणारा विसरला. सापाला भूक नसेल, तो कात टाकण्याच्या बेतात असेल, तर बंद पेटीत रात्रभर अडकलेला उंदीर त्यालाच कुरतडतो. अशा सापांची पाठ मणक्यापर्यंत सोललेली पशुवैद्य बघतात. गोठवलेला उंदीर आणायचा, फ्रीजमध्ये सावकाश वितळू द्यायचा, मग कोमट पाण्यात ठेवून उबदार करायचा आणि लांब चिमट्याने द्यायचा. मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही. आतून शिजतो, कधी फुटतोही, आणि नंतर त्या मायक्रोवेव्हमध्ये काहीच गरम करावंसं वाटत नाही. उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी असावी. जेवणानंतर दोन दिवस साप हातात घ्यायचा नाही, नाहीतर गिळलेलं बाहेर येतं.

‘थर्मोस्टॅट वगैरे दुकानदारांचे चोचले, एक गरम दगड ठेवला की झालं.’ झालं म्हणजे, साप भाजला. विजेवर तापणारा दगड एखाद्या जागी फार तापतो, आणि साप पोटाखालच्या चटक्यापासून वेळेत बाजूला होत नाही. पोटाचे खवले जळेपर्यंत तिथेच पडून राहतो. उष्णता कशानेही द्या, मॅट असो की दिवा, तिच्यावर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला उष्णता आपोआप बंद करणारं यंत्र, हवाच. कॉर्न स्नेक या अमेरिकेतल्या बिनविषारी सापाला उबदार टोकाला साधारण ३० अंश आणि थंड टोकाला २४च्या आसपास पुरतं. बॉल पायथन या आफ्रिकेतल्या लहान अजगराला थोडं जास्त, शिवाय हवेत बऱ्यापैकी ओलावा लागतो. तापमान हाताने चाचपून कळत नाही, तापमापी लागते.

आता ज्या मुद्द्यावर माझं डोकं फिरलं तो. ‘डोकं डोलावणारा स्पायडर बॉल पायथन मिळाला तर सोडू नका, तो खेळकर असतो, नाचतो.’

बॉल पायथनमध्ये रंग आणि नक्षीचे शेकडो प्रकार पैदास करून काढलेत, त्यांना मॉर्फ म्हणतात. स्पायडर हा त्यातला एक, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. दिसतो सुंदर. पण ही नक्षी आणणाऱ्या जनुकासोबत एक दोष येतो. डोकं थरथरतं, कधी पिळवटून वर उलटं होतं, सापाचा तोल जातो, उंदरावर झेप घेताना नेम चुकतो. ज्या सापात हे ठळक दिसत नाही त्याच्यातही ते कमी प्रमाणात असू शकतं, आणि ताण वाढला की उघड होतं. २०२२ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अशा सापांच्या कवटीचे मायक्रो-सीटी स्कॅन केले, तेव्हा तोल सांभाळणारे आतल्या कानाचे भागच वेडेवाकडे घडलेले सापडले. ब्रिटनच्या इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीने आपल्या मेळ्यांत या मॉर्फच्या विक्रीला बंदी घातली. म्हणजे ज्याला धड सरळ राहता येत नाही त्याला हे महाशय ‘नाचतो’ म्हणतात, वर तो मुद्दाम शोधून घ्यायला सांगतात. तुम्ही घेतलात की पैदास करणारा आणखी काढणार. घेऊच नका.

बाकीचे मुद्दे भराभर उरकते.

‘साप गळ्यात घाला, तो प्रेमाने मिठी मारतो.’ तो आधार धरतो. नेहमीच्या माणसाच्या हाताला आणि वासाला साप सरावतो, शांत राहतो, हे खरं आणि तेवढंच पुरेसं सुखाचं आहे. मोठा अजगर मात्र गळ्यात कधीच घालायचा नाही. आणि साप हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर डॉक्टर सरपटणारे प्राणी ठेवूच नका म्हणतात.

‘रानातून पकडलेला साप काटक असतो.’ उलट. त्याच्या अंगात जंत, अंगावर गोचिड्या, मनात भीती, आणि मेलेला उंदीर त्याला अन्न वाटतच नाही. शिवाय बऱ्याच देशांत तो पकडणं गुन्हा आहे. सगळे अजगर ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, सीमेपलीकडून आणायचा तर परवाना लागतो. आपल्याकडे कुठली जात पाळता येते आणि तिची नोंद कुठे करायची, हे जात पसंत करण्याआधी बघायचं.

‘साप म्हणजे काहीच काम नाही.’ हेही नाइलाजाने अर्धं कबूल. रोज फिरवायला न्यायचं नाही, भुंकणं नाही, मोठ्या सापाला दहा-पंधरा दिवसांनी एकदा खाणं पुरतं. पण पाणी रोज बघायचं, घाण केली की काढायची, कात अखंड उतरली का, डोळ्यांवरची पापुद्र्यासारखी चकती राहिली नाही ना, हे तपासायचं. आणि हे किती वर्षं? कॉर्न स्नेक वीस वर्षं सहज जगतो, बॉल पायथन तीसही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातली एक बॉल पायथन १९६१ पासून तिथे होती. २०२० मध्ये, साठीच्या पुढे, तिने अंडी घातली, तेही कित्येक वर्षं नराचा सहवास नसताना. भाच्याचं शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं या सापाच्या हयातीत होणार आहे.

मेसेज म्हणतो ‘पहिला साप बॉल पायथनच’. या एका बाबतीत मला फार भांडायचं नाही. साप मवाळ आहे, घाबरला की चेंडूसारखं वेटोळं घालतो, चावायला धावत नाही. पण तो आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने जेवायला नकार देतो, आणि नवखा माणूस रडकुंडीला येतो. म्हणून माझं मत कॉर्न स्नेककडे. बहुतेकदा दीड मीटरच्या आत राहतो, जेवायला कुरकुर करत नाही, तापमान थोडं इकडेतिकडे झालं तर सांभाळून घेतो. निसटण्यात मात्र उस्ताद, झाकणाला कुलूप हवं. किंगस्नेकही चांगला, पण तो दुसऱ्या सापाला खातो, जोडीला कुणी ठेवायचं नाही. खरं तर कुठल्याच सापाला जोडीदार लागत नाही.

पिल्लू बंदिवासात जन्मलेलं हवं, आणि वितळवलेला उंदीर त्याने आधी काही वेळा खाल्लेला हवा. विकणाऱ्याला म्हणावं, माझ्यासमोर खाऊ घालून दाखव. टाळाटाळ केली तर उठायचं. तोंडाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, शेपटीच्या मुळाशी चिकटलेली घाण, पाण्याच्या भांड्यात बारीक काळे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर तो साप नको. पेटी सापाच्या आधी आणायची, चालू करून दोन्ही टोकांचं तापमान आठवडाभर लिहून ठेवायचं. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य कुठे आहे ते आधी शोधायचं, सगळेच करत नाहीत. आणि फ्रीजरमध्ये गोठवलेले उंदीर राहणार आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगून होकार घ्यायचा. कुणी नाही म्हणालं तर वेगळा छोटा फ्रीजर, नाहीतर साप नाही.