गरिबाघरच्या मुलीला अक्षरापासून कसे जपावे

सद्गृहस्थहो, गरिबाची मुलगी शिकू लागली की अडचण तिच्या आईबापांची होत नाही, आपली होते. पणजी-मडगावच्या फ्लॅटांतील धुणीभांडी, म्हाताऱ्यांची शुश्रूषा आणि गणेशचवथीच्या आधीची साफसफाई ज्या हातांवर चालते, त्या हातांत पुस्तक गेले तर आपल्या घरांचे काय होईल, याचा विचार शासनाने केलेला नाही. तो आपणच करायला हवा, आणि त्यासाठी कायदा मोडण्याचीही फारशी गरज नाही.

२०१० च्या एप्रिलपासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा या वयापुरताच आहे आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय अठरा आहे. मधली चार वर्षे कोणाचीच नाहीत, म्हणून ती आपली समजावीत. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या धनगरवाड्यावरची किंवा काणकोणच्या रानाकडेची मुलगी नववी-दहावीपर्यंत पोचलीच, तरी घाबरून जाऊ नये. पुढचे विद्यालय दूर असते, बस गाठण्यासाठी मुख्य रस्त्यापर्यंत चालत यावे लागते आणि संध्याकाळची बस चुकली तर वाटेत काळोख होतो. ‘मुलीच्या जातीला हे बरे दिसत नाही’ एवढे एक वाक्य सहानुभूतीच्या सुरात तिच्या बापाच्या कानावर घातले की पुढचे काम तो स्वतःच करतो. बसची फेरी वाढवा किंवा मुलींसाठी वसतिगृह काढा, अशी मागणी मात्र चुकूनही करू नये. शिवाय काजूचा हंगाम ऐन परीक्षेच्या दिवसांतच भरात येतो. बोंडू गोळा करायला एक माणूस कमी पडत असल्याची आठवण तिच्या आईला योग्य वेळी करून द्यावी.

वास्को, झुवारीनगर, चिंबल या भागांत कर्नाटकातून आलेल्या मजुरांच्या मुली राहतात. त्यांच्यासाठी एवढेही कष्ट नकोत, नुसता दाखला मागावा. वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही असे त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. पण ते लिहिलेले आहे आणि मुलीच्या आईला वाचता येत नाही, हेच तर आपल्या व्यवस्थेचे सौंदर्य आहे. निरक्षर आई दाखल्यासाठी दोन खेपा घालते, तिसऱ्या खेपेला रोजगार बुडतो म्हणून येत नाही, आणि मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बांधकामाच्या वाळूत बसून राहते.

कोणी आक्षेप घेतलाच, तर आकडा तोंडावर फेकावा. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील स्त्रियांची साक्षरता ८४.६६ टक्के होती. देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर. पुरुषांची ९२.६५ टक्के होती, हे सांगण्याचे कारण नाही. सरासरी ही फार सोयीची वस्तू असते, तिच्याआड अख्खा वाडा लपतो.

आणि धोका खरा आहे, ही काही माझी भीती नव्हे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी मुक्तीनंतर खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, इथवर ठीक होते. त्यांनी स्वतःच्या मुलीलाही शिकू दिले. त्या शशिकलाताई काकोडकर १९७३ साली मुख्यमंत्री झाल्या आणि १९७६ साली कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती करून त्यांच्या सरकारने कसणाऱ्यालाच जमिनीचा मालक ठरवले. काही भाटकार, म्हणजे जमीनदार, घराण्यांत हा विषय अजूनही जेवताना काढत नाहीत. ही तर श्रीमंत खाणमालकाची लेक होती. कुळाची किंवा भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराची लेक शिकली तर काय होईल, याची कल्पना आपणच करावी.

खरी गोष्ट जमिनीचीच आहे. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आपल्या वारसा कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे, आणि आईबापांना मृत्युपत्र करूनही निम्म्याहून अधिक मिळकत मनाप्रमाणे कोणाला देता येत नाही. असा कायदा असलेल्या राज्यात, जिथे पडीक भाटाकडेही, म्हणजे बागायतीच्या जमिनीकडेही, आता दिल्ली-मुंबईचे गिऱ्हाईक येऊन उभे राहते, तिथे बहिणीच्या अंगठ्याइतकी मौल्यवान वस्तू दुसरी नाही. भावाने व दलालाने मिळून हक्कसोडीचा कागद तयार ठेवावा, चवथीला बहिणीच्या सासरी जाणारे भेटीचे वजे यंदा जरा भरघोस पाठवावे, ‘सही केली नाहीस तर माहेर तुटेल’ असे वहिनीकडून म्हणवून घ्यावे आणि शाईचा डबा पुढे सरकवावा. निरक्षर बहीण रडते, पण अंगठा देते. शिकलेली बहीण कागद हातात घेऊन पहिल्या ओळीपासून वाचू लागते, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याची प्रत मागते, त्यावर आपल्या आईचे नाव का नाही असे विचारते, आणि दुपारपर्यंत नोटरी कंटाळून निघून जातो. एवढे झाल्यावर कोणताही उपाय चालत नाही; तिचा वाटा तिला द्यावा लागतो.