ऑफशोअर कॅसिनो: पैसे भरताना दिसणारे फायदे आणि काढताना कळणारे धोके

ऑफशोअर ऑनलाइन कॅसिनोंचा, म्हणजे खेळाडूच्या देशाचा परवाना नसताना परदेशातून चालणाऱ्या जुगाराच्या साइटचा, विषय निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एका बाजूचे लोक म्हणतात की हा सगळाच उघड लुटीचा धंदा आहे, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणतात की सज्ञान माणसाने आपले पैसे कुठे लावावेत हे इतरांनी ठरवू नये. यातल्या कोणत्याच भूमिकेचा निर्णयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला फारसा उपयोग होत नाही. माझे मत असे आहे की या कॅसिनोंचे फायदे खरे आहेत, पण ते जवळपास सगळे पैसे भरताना पदरात पडतात. धोके मात्र दोनच प्रसंगी समोर येतात: पैसे काढताना आणि खेळ थांबवावासा वाटताना. म्हणूनच सुरुवातीचा अनुभव चांगला आला, एवढ्यावरून कोणत्याही साइटबद्दल मत बनवणे धोक्याचे आहे.

या व्यवसायाचा पाया अँटिग्वा आणि बार्बुडा या छोट्या कॅरिबियन देशाने १९९४ मध्ये घातला, असे म्हणता येईल. त्या वर्षीच्या कायद्यानुसार तिथे ऑनलाइन जुगाराचे परवाने मिळू लागले. १९९६ मध्ये कॅनडातील मोहॉक लोकांच्या काहनवाके प्रदेशाने स्वतःचा गेमिंग आयोग स्थापन केला आणि पुढे कुरासाव, माल्टा, आयल ऑफ मॅन, जिब्राल्टर, ऑल्डर्नी अशी नावे जोडली गेली. या सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. आयल ऑफ मॅनमध्ये खेळाडूंचा पैसा कंपनीच्या पैशापासून सुरक्षित राहील अशी व्यवस्था करावी लागते. कुरासावमध्ये मात्र कित्येक वर्षे मोजक्या मुख्य परवानाधारकांनी असंख्य साइटना उपपरवाने वाटले आणि तक्रार नेमकी कोणाकडे करायची हेच खेळाडूला कळत नसे. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा लागू झाला असून परवाने आता थेट सरकारी प्राधिकरणाकडून दिले जातात. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पण साइटच्या तळाशी दिसणाऱ्या शिक्क्यामागे किती बळ आहे हे प्रत्येक वेळी तपासूनच पाहावे लागते.

आता फायद्यांकडे वळतो, कारण ते झाकून ठेवले तर पुढचे बोलणे प्रामाणिक राहणार नाही. जर्मनीने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटना, म्हणजे चित्रांची चक्रे फिरवून पैसे लावण्याच्या खेळांना, परवानगी देताना एका फेरीवर १ यूरोची मर्यादा घातली, एक फेरी किमान ५ सेकंदांची असावी असे ठरवले आणि लावलेल्या प्रत्येक रकमेवर ५.३ टक्के कर बसवला. ज्या स्लॉटमध्ये कॅसिनोचा वाटा सरासरी ४ टक्के असतो, तिथे हा कर त्या वाट्याहूनही मोठा ठरतो. साहजिकच परवानाधारक कंपन्यांनी खेळाडूला मिळणारा परतावा कमी केला. तोच खेळ ऑफशोअर साइटवर जास्त परताव्याने मिळत असेल, तर तिकडे जाणाऱ्या खेळाडूला मूर्ख म्हणता येणार नाही, त्याचे गणित बरोबरच आहे. शिवाय जिथे सरकारी मक्तेदारी आहे तिथे खेळांची निवडही तुटपुंजी असते. क्रिप्टोचलनात व्यवहार केल्यास, सगळे सुरळीत असेल तेव्हा, पैसे काही मिनिटांत हातात येतात. काही साइट फेरीपूर्वी आपल्या गुप्त संख्येचा हॅश, म्हणजे त्या संख्येवरून गणिताने काढलेला पण ती उघड न करणारा ठसा, जाहीर करतात, पुढे ती संख्या उघड करतात आणि निकाल मध्येच बदलला नाही याचा ताळा खेळाडूला स्वतः करून पाहता येतो. ही सोय मला मनापासून आवडते, पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. निकालात फेरफार झाली नाही एवढेच त्यातून सिद्ध होते, जिंकलेले पैसे मिळतीलच याची हमी त्यात नसते.

परताव्याच्या टक्केवारीबद्दल फार मोठा गैरसमज आहे. ९६ टक्के परतावा म्हणजे १०० भरले तर ९६ परत मिळतात असे नाही, कारण ही टक्केवारी प्रत्येक फेरीत लावलेल्या रकमेला लागू होते. तासाला ६०० फेऱ्या आणि दर फेरीला १ यूरो धरला तर उलाढाल ६०० यूरोंची होते आणि सरासरी तोटा तासाला २४ यूरोंचा येतो, मग खात्यात सुरुवातीला १०० असोत की ५०. तेव्हा वेग हाच या खेळातला सर्वांत महागडा घटक आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये स्लॉटची एक फेरी किमान अडीच सेकंदांची असावी असा नियम केला आणि आपोआप फेऱ्या फिरवण्याची सोय बंद केली, त्यामागचे कारण हेच. ऑफशोअर साइटवर वेग वाढवणारे बटण आणि शंभर फेऱ्या आपोआप फिरवण्याची सोय ही आकर्षणे म्हणून मिरवली जातात.

बोनसचा हिशेबही असाच करून पाहावा. १०० यूरोंचा बोनस आणि ३५ पट खेळण्याची अट, म्हणजे पैसे काढण्याआधी ३,५०० यूरोंची उलाढाल आली. ४ टक्क्यांच्या हिशेबाने त्या उलाढालीत सरासरी १४० यूरो जातात, म्हणजे बोनसपेक्षा ४० जास्त. काही ठिकाणी ही पट बोनस आणि जमा रक्कम यांच्या बेरजेवर लावतात, आणि जमा रक्कम बोनसइतकीच असेल तेव्हा तर आकडा दुप्पट होतो. पण खरी मेख अटींच्या लांबलचक पानावर असते. बोनस चालू असताना एका फेरीत ५ यूरोंपेक्षा जास्त लावल्यास सर्व जिंकलेली रक्कम रद्द, अशा आशयाचे कलम तिथे अनेकदा सापडते. खेळताना तुमची ६ यूरोंची फेरी यंत्रणा निमूटपणे स्वीकारते, ती अडवणे सहज शक्य असूनही अडवत नाही आणि तुम्ही जिंकल्यावरच ते कलम बाहेर काढले जाते. हरलेल्या माणसावर कोणी या कलमाचा भंग केल्याचा ठपका ठेवत नाही. याला मी सरळ सरळ अन्याय म्हणतो.

पैसे काढतानाचा क्रमही ठरावीक असतो. भरताना ईमेल आणि पासवर्ड पुरला होता. मोठी रक्कम काढायला गेल्यावर ओळखपत्र मागतात, मग पत्त्याचा पुरावा, मग हातात ओळखपत्र धरलेला फोटो, मग पैसे कुठून आले याची कागदपत्रे. ओळख पटवण्याची मागणी गैर नाही, काळ्या पैशाला आळा घालायचा तर ती हवीच. प्रश्न असा की ती जमा करताना का झाली नाही? फोटोचा कोपरा कापला गेला, बिल जुने झाले, अशी एकेक हरकत येत राहते, आणि तेवढ्या काळात काढायला लावलेली रक्कम पुन्हा खेळायला घेण्याचे बटण पडद्यावर ठळकपणे दिसत राहते. त्यातून पार पडलात तरी दर आठवड्याला अमुकच रक्कम मिळेल अशी मर्यादा असते. वाट पाहून कंटाळलेला माणूस रात्री ते बटण दाबतो आणि हातातोंडाशी आलेला घास जातो.

अशा वेळी दाद कोणाकडे मागायची, इथे सगळे घोडे अडते. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने मोठ्या पोकर साइटवर कारवाई केली, तेव्हाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. आयल ऑफ मॅनच्या परवान्यावर चालणाऱ्या पोकरस्टार्सने खेळाडूंचा पैसा वेगळा ठेवला होता, त्यामुळे अमेरिकी खेळाडूंना त्यांची रक्कम लवकर परत मिळाली. ऑल्डर्नीचा परवाना असलेल्या फुल टिल्ट पोकरवर खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे होते आणि बँकेत होते जेमतेम ६ कोटी. अमेरिकी खेळाडूंना त्यांचे पैसे मिळायला २०१४ उजाडले, तेही पोकरस्टार्सने २०१२ च्या तडजोडीत ती कंपनी घेतली म्हणून. दोन्ही साइट लोकप्रिय होत्या, दोन्हींकडे परवाना होता आणि खेळणाऱ्याला बाहेरून काहीच फरक दिसत नव्हता. न्यायालयात जायचे म्हटले तरी वाट सोपी नाही. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील न्यायालयांनी स्थानिक परवाना नसलेल्या कंपन्यांना हरलेले पैसे परत करायला सांगितले, तेव्हा माल्टाने २०२३ मध्ये कायद्यात कलम घालून असे परदेशी निकाल आपल्या परवानाधारकांविरुद्ध अमलात येऊ नयेत अशी तजवीज केली. माल्टा हे या क्षेत्रातले प्रतिष्ठित नाव आहे, हे इथे लक्षात घ्यावे.

मात्र मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. जुगाराचे व्यसन हा आजार आहे आणि २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणातही त्याला व्यसनांच्या गटात स्थान आहे. या आजारातून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप, स्वीडनमध्ये स्पेलपाउस, डेन्मार्कमध्ये रोफुस अशा नोंदवह्या आहेत, जिथे एकदा नाव घातले की देशातील सर्व परवानाधारक साइटचे दार बंद होते. ऑफशोअर साइट या नोंदवह्या पाहत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे गॅमस्टॉपमध्ये नसलेले कॅसिनो अशा मथळ्याच्या याद्या मुद्दाम बनवल्या जातात. असे शब्द शोधणारा माणूस बहुधा तोच असतो, ज्याने शहाणपणाच्या एका क्षणी स्वतःला बंदी घालून घेतली होती. त्याला त्याच्या सर्वांत दुबळ्या क्षणी गाठणे हा ज्या धंद्याचा आधार आहे, त्याची बाजू मला कोणत्याही युक्तिवादाने घेता येत नाही. या याद्या लिहिणाऱ्यांना अनेकदा त्यांनी पाठवलेल्या खेळाडूच्या तोट्यातला वाटा मिळतो, हेही परीक्षणे वाचताना विसरू नये.

मग कोणी खेळूच नये का? आपल्या देशाच्या कायद्यात जे बसत नाही ते करू नये, हे तर आधीच ठरलेले आहे. कायद्याची आडकाठी नसेल आणि हरल्यावर विसरता येईल एवढीच रक्कम असेल, तरी काही गोष्टी मी आग्रहाने सांगेन. परवाना क्रमांक साइटवरचा शिक्का पाहून मान्य करू नका, नियामकाच्या स्वतःच्या यादीत शोधा. खेळाडूंचा पैसा वेगळा ठेवला जातो का, हे अटींमध्ये लिहिलेले सापडत नसेल तर पुढे जाऊ नका. बोनस नाकारा. ओळखीची कागदपत्रे पहिल्या जमेच्या आधीच देऊन टाका आणि छोटी रक्कम काढून पाहा. छोटी रक्कम मिळाली म्हणून मोठी मिळेलच असे नाही, पण छोटीच अडली तर निदान थोडक्यात सुटका होते.

ज्याला थांबायचे आहे त्याच्यासाठी मात्र या सूचना निरुपयोगी आहेत. त्याला परवान्याशी संबंध नसलेले अडथळे लागतात. फोन आणि संगणकावर जुगाराच्या साइट अडवणारी गॅमबॅनसारखी सॉफ्टवेअर ऑफशोअर साइटवरही चालतात. काही बँका जुगाराचे व्यवहार बंद करून देतात, पण ती सोय व्यापाऱ्याच्या वर्गवारीच्या संकेतांकावर अवलंबून असते आणि अनेक ऑफशोअर साइट भलत्याच दुकानाच्या नावाने पैसे घेतात, त्यामुळे ती एकटी पुरत नाही. घरातल्या माणसाच्या बँकेच्या विवरणात अनोळखी व्यापाऱ्यांची नावे, रात्रीच्या वेळची लहान लहान रकमांची रांग किंवा क्रिप्टो विनिमय केंद्राकडे वारंवार जाणारे पैसे दिसले, तर आरडाओरडा करण्याआधी त्याच्याजवळ बसून शांतपणे विचारा आणि तो कबूल झाला तर त्याच बैठकीत ते सॉफ्टवेअर त्याच्या संमतीने घालून घ्या.