सहा आठवड्यांत किट झालं, पण...

रविवारी भाच्याचा फोन आला. शेतीच्या सेन्सरचं स्टार्टअप आहे त्याचं. "मामा, सेन्सरच्या टेस्टिंगचे पैसे जाहिरातीला वळवतोय." का, तर फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज: 'स्टार्टअपने संशोधनावर खर्च करणं म्हणजे उधळपट्टी. मायलॅबने सहा आठवड्यांत कोरोनाचं किट केलं. इस्राएल जुगाडावर मोठा झाला. सॉफ्टवेअर घ्या, डिजिटल व्हा, इनोव्हेशन आपोआप येईल.'

मायलॅबचं नाव वाचून कपाळावर हात मारला. अरे, किट सहा आठवड्यांत झालं हे खरंच. पण पुण्याची ही कंपनी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीची किट बनवत होती. हात आधीच बसलेला होता. संशोधनप्रमुख मिनल दाखवे भोसले यांनी १८ मार्च २०२० ला किट तपासणीला दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बाळंत झाल्या, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. ही गोष्ट सांगणाऱ्या बीबीसीच्या बातमीतच त्या हेही सांगतात, की एकाच नमुन्याच्या दहा चाचण्या केल्या तर दहाही निकाल सारखे यायला हवेत. याला टेस्टिंगच म्हणतात ना? आणि किट तपासलं कुणी? पुण्यातल्याच एनआयव्हीने, म्हणजे १९५२ मध्ये सुरू झालेल्या, आज सरकारी पैशावर चालणाऱ्या विषाणू संस्थेने. ती नसती तर किट कुणाकडे नेलं असतं, ग्रुप अॅडमिनकडे?

इस्राएल जीडीपीच्या पाच टक्क्यांहून जास्त पैसा संशोधनावर घालतो. आपण ०.६४ टक्के. विषय संपला.

आता डिजिटल. भाच्याचा सेन्सर मातीतला ओलावा मोजतो. ओलावा तेवढाच असला, तरी काळ्या चिकण जमिनीत त्याचा आकडा वेगळा येतो, मुरमाड जमिनीत वेगळा. प्रत्येक मातीसाठी तो जुळवून घेतला नाही, तर चुकीचा आकडा क्लाउडवर चढेल आणि मोबाइलवर रंगीत आलेखात दिसेल, इतकंच. शेतकरी त्यावर विसंबून पाणी देणार! हां, शंभर शेतांतली नोंद रोज हाताशी आली, तर सेन्सर कुठे चुकतोय ते लवकर कळतं. डिजिटलचा फायदा तो.

एक मान्य करतो, नाइलाजाने. फोनपेसारख्यांना प्रयोगशाळा लागली नाही. पण यूपीआयचा रस्ता २०१६ मध्ये एनपीसीआयने, म्हणजे देशाच्या पेमेंट महामंडळाने बांधून दिला होता. आणि नुसता पैसा ओतूनही भागत नाही. अमेरिकेतल्या थेरॅनोस कंपनीने ७० कोटी डॉलरहून जास्त उचलले, रक्ततपासणीचं यंत्र काही धड चाललं नाही.

"मग टेस्टिंग करू?" भाचा म्हणाला. आधी काळ्या मातीत कर, म्हटलं. आणि मेसेज टाकला कुणी?

"बाबांनी."

दाजींना फोन मीच करतो.