खुलासा: आर्डुइनोच्या पिनला एलईडी थेट जोडू नका

‘शाळेच्या प्रयोगात रेझिस्टरची गरज नाही, एलईडी थेट पिनला लावा’ असा सल्ला आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) वापरणाऱ्या शिक्षकांमध्ये फिरतो आहे. रेझिस्टर म्हणजे करंट आवरणारा छोटा भाग. तो चुकीचा आहे. मूळ बहुधा बटन सेलच्या प्रयोगात असावं: ३ व्होल्टच्या त्या सेलचा अंतर्गत रोधच करंट आवरतो, म्हणून तिथे एलईडी निभावून जातो.

आर्डुइनो उनो (आर३) बोर्डाची पिन ५ व्होल्ट देते. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ रेझिस्टरने झेलायचे. २२० ओहम (लाल, लाल, तपकिरी पट्टे) लावला की करंट १४ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर, पण २० च्या आतच राहावं. रेझिस्टर नसेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. एलईडी लगेच जळत नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं. पिन मात्र कायमची निकामी होऊ शकते आणि मुलं बिचारी प्रोग्राममधली चूक शोधत बसतात.

एलईडीचा लांब पाय पिनकडे, आखूड ग्राउंडकडे (बोर्डावरची GND पिन). तरीही पेटत नसेल तर ब्रेडबोर्ड (छिद्रांत भाग खोचून सर्किट जोडायची पट्टी) पाहा: दोन्ही पाय आतून जोडलेल्या पाच छिद्रांच्या एकाच ओळीत खोचले जाणं ही नेहमीची चूक.

मोटर तर पिनवर कधीच नको. तिला ड्रायव्हर (मोटरला लागणारा जास्त करंट पुरवणारं सर्किट) लागतो.