उन्हात बंद पडणारी मारुती ८००: कॉइल की पेट्रोल?

नमस्कार भाऊ. तुमचं म्हणणं असं की, जुनी ८०० उन्हात बंद पडते ती बहुतेक वेळा कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तापल्यामुळे, आणि उन्हात लायनीत पेट्रोलची वाफ होते हा माझा लेख वाचून लोक उगाच पेट्रोल पंप बदलत बसतील. कॉइलचं तुम्ही बरोबर बोललात. ते माझ्या लेखात यायलाच हवं होतं, आजच घालतो. पण पंप बदला असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मी स्वतः तो बदलून पैसे वाया घालवलेत.

घोळ असा आहे की, कॉइल तापली काय किंवा लायनीत पेट्रोलची वाफ झाली काय, गाडी सारखीच वागते. वीस-पंचवीस मिनिटं सावलीत उभी केली की दोन्हीत सुरू होते. मेकॅनिक येईपर्यंत पुरावाच जातो, मग अंदाजाने पार्ट बदलणं आलं. म्हणून बंद पडल्या पडल्या बघायचं. चावी बंद, कोणी सेल्फ मारायचा नाही. एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल पोचतंय, मग बहुधा तुम्ही म्हणता तशी कॉइल. नाही उडाली, तर पेट्रोल पोचतच नाहीये.

माझ्या गाडीत धार नव्हती. मे महिना, दुपारचे दोन, बुटीबोरीहून नागपूरला येताना खापरीच्या अलीकडे. नवा पंप बसवून आठच दिवस झाले होते! दोष निघाला टाकीजवळच्या रबरी नळीत. वरून कोरडी ठणठणीत, वास नाही, थेंब नाही. बोटाने वाकवली तेव्हा क्लिपच्या कडेला केसाएवढ्या चिरा उघडल्या. कार्बोरेटरवाल्या ८०० चा पंप इंजिनावर बसतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. त्यामुळे ही नळी फाटली तरी गळत नाही, हवा आत घेते. त्यात आपलं ४५ अंशांचं ऊन आणि बॉनेटखालची धग. पंप नुसती हवा आणि वाफ ओढत राहतो.

पंप थंड करायला त्यावर ओलं फडकं टाकणं हा इलाज घरी पोचण्यापुरताच, हे मान्य. तेही फक्त पंपावर ठेवा, डिस्ट्रिब्युटरवर (कॉइलची वीज प्लगांना वाटणारा भाग) पाणी जाऊ देऊ नका.

नळी घेताना इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारीच मागा. जुनं रबर त्यात टिकत नाही.

तुमची गाडी बंद पडली तेव्हा धार उडत होती का, तेवढं कळवा.