‘बिकॉज’ने वाक्य सुरू करता येतं

इंग्रजी वाक्य ‘बिकॉज’ने कधीच सुरू करू नये, असा मेसेज फिरतो आहे. असा नियम नाही. ‘बिकॉज इट रेन्ड, वी स्टेड होम’ हे निर्दोष वाक्य आहे: आधी कारण, मग स्वल्पविराम, मग मुख्य वाक्य. चूक होते ती मुख्य वाक्य गाळल्यावर. मराठीत ‘तो आला नाही. कारण तो आजारी होता.’ हे सर्रास चालतं, त्यामुळे आपली मुलं ‘बिकॉज ही वॉज इल.’ असं सुटं लिहितात. तोंडी उत्तरात ते खपतं. निबंधात मधला पूर्णविराम काढून आधीच्या वाक्याला जोडा. ‘म्हणून’च्या सवयीने पुढे ‘सो’ही लावू नका, दोन्हींपैकी एकच पुरे. नुसतं नाम असेल तर ‘बिकॉज ऑफ द रेन’.