घरी मराठी बंद करा म्हणे!

आज लेडीज डब्यात जे ऐकलं त्याने डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक. समोर एक आई, मांडीवर सव्वादोन वर्षांचा मुलगा. शेजारणीशी फाडफाड मालवणी आणि पोराशी, "बेबी, लुक. सिट. नो, डोन्ट टच." विषय निघाला तेव्हा कळलं, मुलगा 'आई' आणि 'बाय' सोडून काही बोलत नाही. प्लेग्रुपच्या मॅडम म्हणाल्या, घरात दोन भाषा असल्या की मूल गोंधळतं, मराठी बंद करा.

गोंधळतं? अहो, या मुंबईत पोरं घरी मराठी, बिल्डिंगखाली हिंदी आणि शाळेत इंग्लिश बोलत पिढ्यान्‌पिढ्या वाढतायत. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे एकत्र मोजायचे. 'पाणी', 'चलो', 'बाय' हे तीन झाले. दोन वर्षांपर्यंत असे ५०च्या आसपास शब्द आणि 'बाबा ये', 'दूदू दे' अशी जोडणी अपेक्षित असते. या मुलाचे सगळे मिळून २. मग कारण शोधायला नको? मॅडमना सापडली ती मालवणी!

बाळ दोन-तीन महिन्यांचं असतं तेव्हापासून हुंकार देतं, आपण 'हो का रे' म्हणतो, थांबतो, ते परत हुंकारतं. गप्पा तिथेच सुरू होतात. नऊ-दहा महिन्यांचं झालं की आपण बघतो तिकडे ते बघायला लागतं, वर्षाच्या आसपास बोट दाखवतं. नेमकं त्या क्षणी, त्याच वस्तूबद्दल आपण बोललो की शब्द डोक्यात बसतो. त्यासाठी आईच्या तोंडात शब्द हवेत ना! खिडकीत कावळा दिसला तर त्या बाईला मालवणीत "बघ, कावळो इलो, तेच्या तोंडात काय आसा?" असं पुढे बोलतच राहता आलं असतं. इंग्लिशमध्ये "लुक, क्रो" आणि खल्लास. पुढचं सुचेना म्हणून चेहराही ताणलेला. आणि पोरं चेहरा वाचतात. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात आयांना थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं होतं. बाळांनी आधी हसून, हातवारे करून आईला बोलतं करायचा प्रयत्न केला, जमेना तशी ती तोंड फिरवायला लागली.

खरा संताप पुढे आहे. कान तपासले का, विचारलं. "टाळी वाजवली की वळतो." टाळीला काय अर्थ आहे? मुलाला हात हललेला दिसतो, हवा जाणवते. शिवाय टाळी मोठ्याने वाजते. सारखी सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर मूल टाळी ऐकतं, पण 'स', 'फ' सारखे हलके आवाज निसटतात, बोलणं पुसट पोचतं. अगदी बहिरं बाळसुद्धा सुरुवातीला आवाज काढतं, मग हळूहळू गप्प होतं, त्यामुळे 'लहानपणी तर बोलायचा' यावरही जाऊ नका. सव्वादोन वर्षांत कुणीच एक साधी श्रवणचाचणी सांगू नये? ओएई किंवा बेरा, या लहान मुलांच्या कानाच्या तपासण्या, करून घ्या. वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, अख्ख्या देशातून लोक तिथे येतात आणि आपण टाळ्या वाजवत बसतो.

वर्षाचं झालं तरी बडबड किंवा बोट दाखवणं नाही, १६ महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्दांची जोडणी नाही, तर थांबू नका. आणि येत असलेले शब्द किंवा नजर देणं गेलं तर कुठल्याही वयात लगेच दाखवा. हो, काही मुलं उशिरा सुरू करून तिसऱ्या वर्षी गाठतात, मान्य. पण त्यातलं आपलं कोणतं, हे आधी कळत नाही.

त्या आईवर मात्र राग नाही माझा. सकाळचे डबे, गर्दीची लोकल, त्यात कुणीतरी सांगणार की तुझ्या भाषेमुळे पोर मागे पडलं. बिचारी जीव तोडून करत होती.

मॅडमनी हे सांगायला हवं होतं: अंघोळ घालताना, भरवताना, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन तुमच्याच भाषेत बोला. तो 'गाडी' म्हणाला तर 'लाल गाडी', मग 'लाल गाडी गेली', एकेक शब्द पुढे. बोललात की मनात पाच आकडे मोजून थांबा, लहान मुलांना उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण मध्येच बोलून टाकतो. 'हे काय? ते काय?' ही तोंडी परीक्षा नको. 'पाणी म्हण, तरच देईन' तर अजिबात नको. जेवताना फोन बंद, मागे चालू असलेली मालिकाही. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, गावच्या आजीचा व्हिडिओ कॉल चालेल.

इंग्लिश लागतंच हो मुंबईत, नाही कुठे म्हणतेय मी. येईल की शाळेत.

आता कमेंटमध्ये 'आमचा तर तीन वर्षांनी बोलला, आता थांबतच नाही' असं लिहिणार असाल तर जरूर लिहा. त्याचे कान कधी तपासले होते, तेही लिहा.